हरकतीचा हंगाम

भाद्रपद सरत आला की माझ्या पायजम्याला कुसळे लागू लागतात. डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर चालण्यास सांगितले आहे. परंतु ज्या शहरात सपाट रस्ता ही केवळ कागदोपत्री बाब आहे, तिथे वैद्यकीय सल्ल्याचे पालन करणे नागरिकाच्या हाती उरत नाही. म्हणून मी हर्सूलच्या बाजूला असलेल्या मैदानावर चालतो. या दिवसांत तिथले गवत पोटरीपर्यंत येते, त्याला तांबूस तुरे फुटतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात संपूर्ण मैदान एखाद्या म्हाताऱ्या जनावराच्या पाठीसारखे दिसते. घरी परतलो की मालती, माझी पत्नी, पायजमा उजेडात धरून एकेक कुसळ उपटते.

"या वयात माणसाच्या कपड्यांना धुपाचा वास यावा," ती म्हणते. "तुमच्या कपड्यांत गवत, आणि खिशात बघावं तर रुमाल नाही. कागद."

कागद असतो, हे खरे आहे. कोरा, चार घड्या घातलेला. आयुष्यभर दिवाणी प्रक्रिया शिकवलेल्या माणसाच्या खिशात दुसरे काय असणार?

यंदा कुसळांच्या बरोबरीने एक जाहीर सूचनाही घरात आली. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, लग्नाच्या आणि जमिनीच्या जाहिरातींच्या मध्ये, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. हर्सूलच्या त्या मैदानावरील क्रीडांगणाचे आरक्षण बदलून तिथे व्यापारी संकुल प्रस्तावित आहे. कोणाच्या हरकती व सूचना असल्यास त्या विहित मुदतीत लेखी सादर कराव्यात. मी ती सूचना दोनदा वाचली. पहिल्या वाचनात संताप आला, दुसऱ्या वाचनात थकवा. पूर्वी हा क्रम उलटा होता. थकून बसलो असताना काही वाचले की संतापाने उठून लिहायला बसायचो. क्रम केव्हा बदलला ते लक्षात आले नाही.

माझ्या पत्रांना उत्तरे येत नाहीत असे कोणी समजू नये. येतात. 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' मी आयुष्यभर वर्ग घेतले. निवृत्तीनंतर माझे अर्ज वर्ग होत राहिले. फुटलेल्या जलवाहिनीविषयी लिहिले, ते वर्ग झाले. मंगल कार्यालयाच्या भोंग्यांविषयी लिहिले, तेही. एका पथदिव्याविषयी इतके लिहिले की अखेर त्या जागी दिवा लागला, आणि पुढच्या आठवड्यात तो दिवसाही जळू लागला. त्याविषयी मी लिहिले नाही. माणूस कुठेतरी थांबतो.

मैदानाविषयीही लिहायचे नाही, असे मी ठरवले. सूचनेचे कात्रण मात्र कापून ठेवले. ते का, हे मला तेव्हा सांगता आले नसते. बहुधा त्या मैदानावरच्या एका हंगामामुळे.

मी निवृत्त होण्याच्या आधीचे ते वर्ष. शहराचे नाव तेव्हा वेगळे होते. खड्डे हेच होते. आमच्या विधी महाविद्यालयाचा एक फुटबॉल संघ होता, म्हणजे दरवर्षी तो पहिल्या फेरीत हरण्यापुरता अस्तित्वात येत असे. त्याला व्यवस्थापक म्हणून एका प्राध्यापकाची गरज होती. प्राचार्यांनी मला बोलावले. मी म्हणालो, मला या खेळातले काही कळत नाही. ते म्हणाले, "पण तुम्हाला नियम कळतात." हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला.

कर्णधार नदीम शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या वडिलांचे गुलमंडीत कापडाचे दुकान. मुलगा उंच, शांत, बोलताना आधी मराठीत सुरुवात करून वाक्य हिंदीत संपवणारा. उजव्या बगलेला खेळायचा बालाजी, फर्दापूरचा. अजिंठ्याला येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांमागे धावून रंगीत गारगोट्या विकत तो लहानाचा मोठा झाला होता. त्यामुळे चालत्या गाडीला गाठणे आणि समोरच्याने नाही म्हटले तरी मागे न हटणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या अंगात मुरल्या होत्या. आमच्याकडे एवढे दोन खेळाडू होते. बाकीचे वकील होते.

हे मी चेष्टेने म्हणत नाही. पहिलाच सामना आठवतो. अभियांत्रिकीच्या मुलांविरुद्ध. बालाजी चेंडू घेऊन सुटला आणि त्यांच्या एकाने त्याला मागून सरळ आडवा केला. शिट्टी वाजली नाही. झाले, आमची निम्मी फळी पंचांभोवती जमा झाली. एकाने नैसर्गिक न्यायाचे तत्त्व सांगितले. दुसऱ्याने, निर्णय का दिला नाही याची कारणे नोंदवावीत अशी मागणी केली. आमचा गोलरक्षक नेमके काय चालले आहे ते ऐकू यावे म्हणून दोन पावले पुढे आला. आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागे, अत्यंत शांतपणे, अभियांत्रिकीच्या मुलांनी चेंडू आमच्या जाळ्यात नेऊन ठेवला.

सामना आम्ही कसाबसा बरोबरीत सोडवला. नंतर बाभळीच्या विरळ सावलीत सगळे बसले. कोणीतरी म्हणाले की आपला मुद्दा बरोबर होता.

"मुद्दा बरोबर होता," नदीम म्हणाला. "बॉल उनके पास था."

मग तो बराच वेळ बुटांच्या खिळ्यांतली काळी माती काडीने काढत राहिला. पावसाळा सरतानाची आमची माती बुटाला अशी चिकटते की माणूस प्रत्येक पावलाला थोडा उंच होतो आणि बराच जड. माती काढून झाल्यावर तो म्हणाला, "आजपासून आपल्यात एकच माणूस चिडेल."

"कोण?"

"सर. त्यांना सवय आहे."

मुले हसली. मीही हसलो असेन. पण नदीम हसत नव्हता. "कुणी पाडलं, ढकललं, शिवी दिली, शिट्टी नाही वाजली, तर फक्त म्हणायचं, लिहा सर. आणि पळायचं. सर लिहितील. मॅच संपल्यावर बघू काय करायचं ते. चालेल ना, सर?"

"हरकत नाही," मी म्हणालो.

या शब्दाची गंमत मला त्यानंतर काही दिवसांनी, गुलमंडीतच कळली. संघाच्या सदऱ्यांसाठी कापड घ्यायला मी नदीमबरोबर त्याच्या वडिलांच्या दुकानात गेलो होतो. दुकानात नव्या कापडाचा तो कोरडा, नाकाला हुळहुळणारा वास होता. त्याच्या वडिलांनी गादीवर बसवले, चहा मागवला आणि विचारले, "प्रोफेसरसाब, नदीम कहता है, आपका काम हरकत लेना है?"

मी म्हणालो, "हो. म्हणजे आक्षेप घेणे."

ते मोकळे हसले. "हमारे यहाँ तो हरकत हिलने-डुलने को कहते हैं. हरकत में बरकत. जो चलेगा, उसका भला होगा. और आप लोगों की हरकत आयी, कि सब काम ठप."

मी प्रतिवाद करणार होतो, पण गजाच्या पट्टीवरून कापड असे सरसर मोजले जात होते की बोलायला फट मिळाली नाही. एकच शब्द. त्यांच्या घरी तो चालणे, माझ्या न्यायालयात थांबवणे, आणि दोन्हीकडच्या माणसांनी मिळून वापरला की 'हरकत नाही', म्हणजे चालू द्या. या मातीत शब्दही बुटांसारखेच वागतात. जाताना एक असतात, येताना दुसरेच काही चिकटवून आणतात.

त्या हंगामाची माझ्याजवळची दृश्ये सलग नाहीत. हर्सूल तलावाकडून येणारा, शेवाळाचा वास घेऊन येणारा वारा. लिंबाच्या फोडीवर मीठ. कोणाच्या तरी गुडघ्याला लावलेल्या मलमाचा उग्र दर्प, जो माझ्या फायलींपर्यंत पोहोचला. पलीकडे तुरुंगाची भिंत. संध्याकाळी तिकडून घंटा ऐकू आली की सराव संपायचा. बालाजी त्या भिंतीकडे पाहून म्हणायचा, "लवकर वकील व्हा रं. पक्षकार वाट बघायलेत."

आणि रेषेबाहेर दगडावर बसून लिहिणारा मी. सुरुवातीला ती मुले ते दोन शब्द अडखळत म्हणत. पडल्यावर आधी हात वर जायचा, तोंड उघडायचे, डोळे पंचांकडे वळायचे. मग नियम आठवायचा. हळूहळू मधली पायरी गळून पडली. आपटले, उठले, "लिहा सर", आणि धावले. वाऱ्यावर तो आवाज माझ्यापर्यंत येईतो मुलगा पुढे निघून गेलेला असायचा. मी लिहायचो: उजव्या बरगडीत कोपर, पंच पाठमोरे. जर्सी ओढली, स्पष्ट. आईवरून उद्गार, दोनदा. सामन्यानंतर परतताना टेम्पोत मी हे सगळे गंभीर आवाजात वाचून दाखवत असे. तोवर मुलांचे श्वास जागेवर आलेले असायचे.

"ती कोपराची काटा, सर," एखादा म्हणायचा.

"का? पुरावा आहे."

"आधी मीच मारलं व्हतं."

टेम्पो हसून डुलायचा. निम्म्या हरकती अशाच वाटेत मागे घेतल्या जात. उरलेल्यांचे काय करायचे ते कोणी विचारत नसे. त्या माझ्याजवळ राहत.

त्या दिवसांत मी घरी कमी चिडत असे, असे मालती अजूनही सांगते. ते मला चमत्कारिक वाटते, कारण त्या अवधीत मी डझनभर माणसांचा राग वाहत होतो. कदाचित दुसऱ्याच्या रागाला वजन नसते. किंवा असेही असेल, की राग कोणाच्या तरी कामी येत असला की तो माणसाला आतून खात नाही. त्या मुलांना धावता येत होते, कारण कडेला कोणीतरी चिडलेले होते. माझ्या संतापाचा इतका सरळ उपयोग त्याआधी कोणी केला नव्हता. त्यानंतरही नाही.

आणि आम्ही जिंकू लागलो. मी खेळाचे वर्णन करणार नाही. मला ते येत नाही. एवढेच सांगतो, की ज्या संघाला सगळे 'बारकौन्सिल' म्हणून चिडवायचे, तो संघ तोंड मिटून खेळू लागला आणि समोरचे बोलू लागले. आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो. प्राचार्यांनी मला बोलावून विचारले, "कुठल्या स्पर्धेच्या?"

अंतिम सामना ऑक्टोबरच्या रखरखीत दुपारी झाला. तोवर गवत सुकून पिवळे पडले होते आणि मातीला चिरा गेल्या होत्या. नदीमचा हा शेवटचा हंगाम होता. चषक महाविद्यालयात कधीच आला नव्हता, आणि तो नदीमच्या हातून यावा, असे त्या मुलांना वाटत होते. मला किती वाटत होते, ते मी कोणाला सांगितले नव्हते. सामना गोलाविना शेवटाकडे सरकत होता. आणि मग आमच्या गोलापुढच्या गर्दीत त्यांच्या एका मुलाने चेंडू हाताने खाली घेतला. कोपरापासून मनगटापर्यंतचा, ऐसपैस, निःसंदिग्ध हात. मी पाहिला. कडेचा लिंबूवाला म्हणाला, "हात लागला की." पंचांना दिसला नाही. चेंडू जाळ्यात गेला.

क्षणभर मैदानावर काहीही हलले नाही. मग अकरा तोंडांतून एकाच वेळी आले, "लिहा सर." कोणी पंचांकडे गेले नाही. चेंडू उचलून ती मुले मधल्या वर्तुळाकडे धावली. असे दृश्य मी पुन्हा पाहिलेले नाही. मी लिहीत होतो.

त्या एका गोलाने आम्ही हरलो.

स्पर्धेच्या नियमांप्रमाणे, सामना संपल्यावर ठरलेल्या मुदतीत व्यवस्थापकाने लेखी हरकत द्यायची असते. माझी हरकत तयार होती. त्या दिवशी कोणत्याही वकिलाने तसा मसुदा केला नसेल. परंतु त्याच नियमांत असेही होते, की मैदानावर घडलेल्या वस्तुस्थितीविषयी पंचांचा निर्णय अंतिम राहील. हात लागला की नाही, ही वस्तुस्थिती. म्हणजे माझी हरकत दाखल होण्यापूर्वीच मेलेली होती. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

नदीम आला. चेहऱ्यावर घामाने मातीच्या रेघा ओढलेल्या. "दिली का, सर?"

मी त्याला नियम समजावून सांगितला. तो ऐकत राहिला, मी वर्गात बोलत असताना ऐकायचा तसाच.

"फेटाळतील," तो म्हणाला. "मला ठाऊक आहे, सर. द्या."

"त्याने काय होणार?"

"सर, आम्ही आख्खा हंगाम तोंड बंद ठेवलं. का ठेवलं? आप लिख रहे थे, इसलिए. आता तुम्हीच खिशात ठेवली, तर आम्ही नुसतेच गप्प बसलो असं होईल."

बालाजी त्याच्या मागे उभा होता. "देऊन टाका, सर," तो म्हणाला. "नाय म्हनतील. म्हनू द्या. त्यांच्या तोंडून नाय निघू द्या, आपल्या नको."

मी जाऊन दिली. मंडपातल्या अधिकाऱ्यांनी ती वाचली, एकमेकांकडे पाहिले आणि खाली एक ओळ लिहिली: 'ग्राह्य नाही, फेटाळण्यात येते.' मी ती ओळ मुलांना वाचून दाखवली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. अधिकाऱ्यांना वाटले, आम्ही उन्हाने बिघडलो आहोत.

मग आम्ही नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायला गेलो. बालाजीच्या गळ्यात माळ होती. त्याने सगळ्यांदेखत नान पाण्याच्या पेल्याबरोबर खाल्ला आणि रस्सा कसा झाला आहे याविषयी इतरांना मते दिली. हरलेल्या माणसांचे जेवण मी पुष्कळ पाहिले आहे. ते इतके मोठ्याने होत नाही.

नदीम आता वकील आहे. परवा त्याचा फोन आला. नमस्कार-चमत्काराच्या आधीच त्याने विचारले, "सर, मैदानाची नोटीस वाचली? मुदत उद्या संपतेय."

"वाचली."

"मग?"

"तू वकील आहेस. तू दे."

"मी दिली. माझी एक झाली. तुमची?"

मी म्हणालो की मी थकलो आहे. हे मी त्याला पहिल्यांदाच सांगत होतो, कोणालाही पहिल्यांदाच. संकुल होणार आहे, ते ठरलेले आहे, सुनावणी हा उपचार आहे, माझा कागद वर्ग होईल. पलीकडे कोर्टाच्या आवारातला गलका ऐकू येत होता.

"सर, तुम्हीच शिकवलं होतं. न घेतलेली हरकत म्हणजे सोडून दिलेला हक्क. फेटाळलेली हरकत मात्र दप्तरात राहते, अपिलाला उभी राहते."

"वर्गात शिकवायला ते सोपे असते, नदीम."

"जी, सर," तो म्हणाला. या दोन शब्दांत त्याने मला सोडून दिले, आणि ते मला लागले.

मालतीने स्वयंपाकघरातून विचारले, "कोण होतं?" मी सांगितले. ती म्हणाली, "आणि तुम्ही नाही म्हणालात?" मग काही बोलली नाही. पथदिव्याविषयी मी लिहीत होतो तेव्हा ती रोज बोलायची. तिच्या बोलण्याची मला सवय आहे. न बोलण्याची नाही.

त्या संध्याकाळी मी चालायला गेलो. मैदान तसेच होते, तुऱ्यांवर तेच तांबूस ऊन, पलीकडे तीच भिंत. गवताचा मधला तुकडा कोणीतरी कापून काढला होता आणि तिथे मुले खेळत होती. सदऱ्यांवरून ओळखले: आमचेच महाविद्यालय. त्यांतला एकही चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. मी निवृत्त झालो तेव्हा ती शाळेत असतील. मी माझ्या जुन्या दगडाजवळून जात होतो. एका मुलाला दुसऱ्याने खांदा देऊन पाडले. धप्प आवाज झाला, धूळ उडाली. मुलगा उठला, कोणाकडेही न पाहता म्हणाला, "लिहा सर," आणि पळत सुटला.

मी थांबलो. आजूबाजूला पाहिले. रेषेबाहेर कोणीही नव्हते. ना प्राध्यापक, ना कागद. थोड्या वेळाने दुसऱ्या कोणाच्या तरी पायावर पाय पडला, आणि पुन्हा तेच. लिहा सर. कोणी हसले नाही, कोणी वळून पाहिले नाही. जसे ठेच लागल्यावर माणूस 'आई गं' म्हणतो आणि आई तिथे असण्याची गरज नसते.

चेंडू माझ्या दिशेने आला. तो आणायला आलेल्या मुलाला मी विचारले, "हे तुम्ही कोणाला सांगता? लिहा म्हणून?"

त्याने सदऱ्याच्या बाहीने घाम पुसला. प्रश्न त्याला कधी पडलाच नसावा.

"कोणाला नाय, काका. आपल्या टीमची पद्धत हाय. भांडायचं नसतं. म्हनायचं आन् पळायचं."

"पण लिहितो कोण?"

त्याने चेंडू काखेत धरला आणि मैदानाकडे, बाभळीकडे, रिकाम्या दगडाकडे एकदा पाहिले.

"कोणीतरी लिहीत आसंल की," तो म्हणाला, आणि गेला.

तुरुंगाकडची घंटा व्हायला अजून अवकाश होता. मी दगडावर बसलो. पायजम्यावरची कुसळे झटकली नाहीत. खिशातला कागद काढून त्याच्या घड्या मोडल्या, गुडघ्यावर सरळ केला आणि सवयीने डाव्या बाजूला समास सोडून लिहिले: विषय — हरकत.